तोरणाची पानं वळणावर पसरवायची कशी? (इंकस्केप, कोरल, चित्र काढायचं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल)

हळदपेठ:
नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे, पण तीन रात्री खाल्ल्यात त्यानं.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या कमानीचं फ्लेक्स माझ्या गळ्यात पडलंय. मी सांगलीत घरूनच लग्नपत्रिका आणि बारशाची कार्डं करून देते, फ्लेक्स पहिल्यांदाच. (पैसे मिळणार नाहीत हे धरूनच चाललेय, वर्गणीत वळते करून घेतील.) कमान १२ फूट रुंद, मधोमध ३ फूट वर चढते. त्या वळणाच्या खालच्या कडेला आंब्याची पानं आणि झेंडू असं तोरण काढायचंय.

एक पान मन लावून काढलं. मधली शीर, बाजूच्या बारीक शिरा, टोकाला किंचित मुरड. मग त्याची कॉपी, पेस्ट, जरा फिरव, जरा सरकव. अकरा पानं झाली तेव्हा नवरा मागून डोकावून म्हणाला, "पापण्या छान आल्यात." तिथंच लॅपटॉप मिटला.

इंकस्केप वापरते, कारण फुकट आहे. एकच आकार वाकड्या रेषेवर सारख्या अंतरानं आपोआप बसवता येतो का?

नाट्यपंढरीकर:
पापण्या 😂😂 कमानीला काजळ पण घाला मग.

कुपवाडकर:
येतो की. ही कामं मी रोज करतो, एमआयडीसीत लेझर कटिंगचं छोटं युनिट आहे.

आधी बेझिए टूलनं (वळणदार रेघ काढायचं टूल) कमानीची रेघ मारा. पान (शिरांसकट सगळं) ग्रुप करा आणि होम की दाबून सगळ्यात वर आणा. ही पायरी लोक विसरतात आणि मग रेघेचेच तुकडे पानावर पसरतात. आता पान आणि रेघ दोन्ही सिलेक्ट करून एक्स्टेन्शन्स मेनूत जनरेट फ्रॉम पाथ, मग स्कॅटर. (पाथ म्हणजे रेघ.) तिथं 'स्पेस बिटवीन कॉपीज' म्हणजे दोन पानांतलं अंतर. 'स्ट्रेच स्पेसेस' वर टिक केली की उरलेली जागा सगळ्यांत वाटली जाते, शेवटाला अर्धं बोडकं राहत नाही.

कमान गोल किंवा चौकोन टूलनं काढली असेल तर आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून घ्या. नाहीतर ते रेघ म्हणून ओळखतच नाही.

फ्लेक्सभाऊ:
ताई, एवढा व्याप कशाला? आमच्याकडं रेडिमेड तोरणाच्या सीडीआर (कोरलच्या) फायली पोत्यानं पडल्यात. नारळ, कलश, तोरण, मोर, सगळं. उचला, ताणा, छापा. मंडळाची पोरं काय पानांच्या शिरा मोजणारेत होय?

हळदपेठ:
@फ्लेक्सभाऊ, ते तोरण मी पाहिलंय. सरळ पट्टीचं असतं. कमानीवर ताणलं की मधली पानं लठ्ठ होतात आणि कडेची सुकतात. शिवाय गेल्या वर्षी शेजारच्या तीन मंडळांचं तेच होतं. मोरासकट.

@कुपवाडकर दादा, आभार. आज रात्री बसते.

मिरजेची_तार:
इथं एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकू, पुढं सगळे घोळ तिथंच होतात. पसरवणं वेगळं आणि वाकवणं वेगळं.

स्कॅटर पसरवतं: पान जसं आहे तसंच राहतं, फक्त जागा बदलते आणि हवं तर फिरतं. 'पॅटर्न अलाँग पाथ' वाकवतं: आकारच रेघेबरोबर रबरासारखा मुरडतो. वेल, दोरखंड, नक्षीची सलग पट्टी असेल तर वाकवा. सुटी पानं, फुलं, मणी, टिकल्या असतील तर पसरवा. दोन्ही एकाच मेनूत शेजारी शेजारी आहेत, त्यामुळं चुकीचं दाबलं जातं आणि झेंडू रताळ्यासारखा दिसतो.

आमच्या घरात सतारी-तानपुऱ्यांचं काम आहे. भोपळ्याच्या कडेनं पानांची नक्षी फिरते, तिथं सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि फुलं बसतात. वडील अजून कागद दुमडून अर्धीच नक्षी काढतात आणि उलटून उमटवतात. मी नवीन नमुने इंकस्केपमधे करतो. तिथं प्रत्येक पान कडेबरोबर फिरायलाच हवं, म्हणून 'फॉलो पाथ ओरिएंटेशन' वर टिक. नाहीतर भोपळ्याच्या एका बाजूला पानं वर बघतात आणि दुसऱ्या बाजूला आत घुसतात.

पेढेवाला_नव्हे:
मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मधे भौगोलिक मानांकन मिळालं ना? अभिनंदन उशिरा का होईना.

मिरजेची_तार:
मिळालं. हळदीला २०१८ मधेच मिळालंय, त्यामुळं सांगलीकर आम्हाला धाकटे समजतात.

कोरलचा_काका:
कोरलवाल्यांसाठी. स्कॅटर वगैरे नावाचं तिथं शोधू नका, ब्लेंड वापरायचं. डावीकडं एक पान, उजवीकडं एक पान, ब्लेंड टूलनं एकावरून दुसऱ्यावर ओढा, मधल्या पायऱ्यांचा आकडा टाका. मग न्यू पाथ म्हणून कमानीच्या रेघेवर बाण टेकवा. त्यात 'ब्लेंड अलाँग फुल पाथ' आणि 'रोटेट ऑल ऑब्जेक्ट्स' या दोन टिका असतात. झालं की कंट्रोल + के मारून ब्लेंड फोडा, नाहीतर दुकानात फाईल उघडल्यावर दुसऱ्या व्हर्जनमधे पानं भलतीकडंच जातात.

याचा एक फायदा स्कॅटरमधे नाही. डावं पान लहान आणि उजवं मोठं ठेवलंत तर मधली पानं आपोआप चढत्या मापाची होतात. अर्ध्या कमानीला एक ब्लेंड, मग आरसा.

निवृत्त_मास्तर:
आकडेमोड कुणीच केली नाही म्हणून लिहितो. ४२ वर्षं गणित शिकवल्याची खोड.

कमान १२ फूट रुंद, ३ फूट उंच. हा वर्तुळाचा तुकडा धरला तर त्रिज्या = (६² + ३²) ÷ (२ × ३) = ७.५ फूट. त्यावरून कमानीची खरी लांबी सुमारे १३.९ फूट, म्हणजे १६७ इंचाला किंचित कमी. पान आणि झेंडू मिळून ५ इंचांची एक जोडी धरली तर ३३ जोड्या आणि वर जेमतेम २ इंच उरतात. ते ३३ जोड्यांत वाटले की प्रत्येकीला दीड मिलिमीटर. डोळ्याला कळणारही नाही.

बाईंनी १२ फूट धरून २९ जोड्यांचं माप लावलं असेल तर शेवटी चार जोड्यांची जागा उरणारच. वळण नेहमी सरळ अंतरापेक्षा लांब. सातवीच्या पोरांना सुतळी घेऊन मोजायला लावायचो.

हळदपेठ:
सर, तुम्ही कॅमेरा लावलाय का माझ्या घरात? अगदी २९ च केले होते.

कुपवाडकर:
मास्तर, नमस्कार. इंकस्केपमधे एक्स्टेन्शन्स, व्हिज्युअलाइझ पाथ, मेझर पाथ असं केलं की लांबी रेघेवरच लिहून येते. पण तुमची रीत भारी.

कोडघासू:
इथं एक तांत्रिक पिंक टाकतो. मी हेच पायथनमधे स्वतः लिहायला गेलो होतो. बेझिए वक्राचं जे चल असतं, ० ते १, त्याचे सारखे भाग पाडले आणि प्रत्येक ठिकाणी एक फूल ठेवलं. फुलं एका ठिकाणी गर्दी करून उभी, दुसरीकडं ओस. दोन तास वाटलं माझा कोड चुकलाय.

कोड बरोबर होता, समज चुकीची होती. ते चल अर्ध्यावर पोचलं म्हणजे रेघेची अर्धी लांबी संपली असं नसतं. हँडल (वळण देणाऱ्या दांड्या) कुठं खेचलेत त्यावर ते एका भागात पळतं, एका भागात रांगतं. सारखं अंतर हवं तर रेघेचे बारीक तुकडे करून खरी लांबी मोजत जावं लागतं. स्कॅटर लांबीनंच चालतं, म्हणून तिथं ही भानगड येत नाही.

गंमत म्हणजे ही वक्रं जन्मली मोटारींच्या पत्र्यासाठी. सित्रोएनमधे द कास्तेल्जो यांनी १९५९ मधे मांडली, पण कंपनीनं गुलदस्त्यात ठेवली. रेनोमधल्या बेझिए यांनी ती उजेडात आणली, म्हणून नाव त्यांचं लागलं. आणि आपण त्यावर झेंडू लावतोय.

नाट्यपंढरीकर:
नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. मंडळाच्या अहवालासारखंच की.

अक्षरवेल्हाळ:
थोडं अवांतर, पण कमान आहे म्हणजे तिच्यावर मंडळाचं नाव गोलाईत लिहिणार ना? मग आधीच सावध करते.

देवनागरी मजकूर 'टेक्स्ट ऑन पाथ' नं वळणावर चढवला की शिरोरेषा तुटते. कारण तिथंही पसरवण्याचाच प्रकार चालतो: प्रत्येक अक्षर ताठच राहतं, फक्त कलतं. दोन ताठ अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सलग कशी राहणार? वर फट पडते, खाली पाय एकमेकांत घुसतात. इंग्रजीत हे झाकून जातं, कारण तिथं अक्षरं मुळात सुटीच.

उपाय वर मिरजेची_तार यांनी सांगितलाच आहे: वाकवा. मजकूर एकदा तपासून आकारात बदला, सगळी अक्षरं एकत्र जोडा आणि 'बेंड' किंवा 'पॅटर्न अलाँग पाथ' लावा. शिरोरेषाही कमानीसारखी वळते. पण आकारात बदलल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही हे ध्यानात ठेवा.

फ्लेक्सभाऊ:
शुद्धलेखन? मंडळाचं? 🙏

पेढेवाला_नव्हे:
मी साताऱ्याहून. कासच्या सहलीसाठी बॅनर करताना मलाही हेच स्कॅटर सुचवलं होतं कुणीतरी. सोनकी आणि तेरड्याची फुलं रेघेवर ओळीनं लावली, तर पठार न वाटता नगरपालिकेचा दुभाजक वाटायला लागला. तिथं इंकस्केपचं स्प्रे टूल कामाला आलं. रंगाच्या फवाऱ्यासारखं फिरवायचं, फुलं लहानमोठी होऊन अस्ताव्यस्त पडतात. प्रत्येक कामाला रेघ लागत नाही एवढंच म्हणणं.

नाट्यपंढरीकर:
साताऱ्याचे लोक सहलीला पण बॅनर लावतात?

पेढेवाला_नव्हे:
तुम्ही भडंगाच्या पुडीला लावता तेवढे नाही लावत.

हळदपेठ:
भांडू नका, मी हजर आहे. स्कॅटर जमलं! ३३ जोड्या, सारखं अंतर, दहा सेकंदांत. सरांच्या पाया पडते.

पण. काहीतरी खटकतंय. मधली पानं छान सरळ खाली लोंबतायत. कडेला जावं तशी ती तिरकी होत जातात, आणि अगदी टोकाची तर कमानीच्या आतल्या बाजूला बोट दाखवतायत. आता पापण्या नाहीत, पण उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांसारखं दिसतंय. नियमानं सगळं बरोबर आहे आणि तरी तोरण वाटत नाही. 'फॉलो पाथ' वर टिक केली होती, मिरजेच्या दादांनी सांगितलं तसं.

मिरजेची_तार:
अहो ताई, मी सतारीचं सांगत होतो!

माळीणबाई:
खूप दिवस हा धागा वाचतेय, आज लिहिते. आमचं हार-तोरणांचं काम आहे, मारुती चौकाच्या बाजूला. सासूबाईंपासून चालत आलंय. कॉम्प्युटर मला कळत नाही, पण तोरण कळतं.

तोरणाचं पान सुतळीला चिकटलेलं नसतं, टांगलेलं असतं. देठाकडून पान दुमडतो, सुई घालतो, सुतळी ओढतो. मग ते पान स्वतःच्या वजनानं खाली बघतं. सुतळी कमानीवरून वर चढू दे नाहीतर खाली उतरू दे, पान आपलं जमिनीकडंच. हार वेगळा. हारात फूल दोऱ्यात घट्ट ओवलेलं, दोरा वळेल तसं फूल वळतं. तुमच्या चित्रात पानं हारासारखी लागलीत.

दुसरं, सुतळी कमानीला सगळीकडं चिकटून बसत नाही. दर हात-दीड हातावर खिळा किंवा बांबूची गाठ असते. दोन खिळ्यांच्या मधे सुतळी जराशी झुकते. कमानीचं तोरण म्हणजे एक मोठं वळण नसतं, लहान लहान झोके असतात ओळीनं. त्या झोक्यांशिवाय तोरण भिंतीवर रंगवल्यासारखं दिसतं.

आणि तिसरं, सगळी पानं सारखी कशी? आम्ही खिळ्यापाशी दोन पानं जवळजवळ घेतो, गाठ झाकायला. लहान पानं टोकांना. कोवळी तांबूस पानं दोनचार मधे घातली की गिऱ्हाईक खूश.

निवृत्त_मास्तर:
माळीणबाई, साष्टांग.

कोडघासू:
अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद, आणि त्यात एक मेनू नाही.

आता मेनूत बसवून देतो. पान जमिनीकडं हवं म्हणजे 'फॉलो पाथ ओरिएंटेशन' ची टिक काढायची. बास. इलस्ट्रेटरच्या स्कॅटर ब्रशमधे हीच गोष्ट रोटेशनपाशी 'पेज' की 'पाथ' अशी विचारतात; पेज म्हणजे तोरण, पाथ म्हणजे हार. कोरलमधे 'रोटेट ऑल' ची टिक काढा.

झोक्यांसाठी एका रेघेऐवजी खिळ्यापासून खिळ्यापर्यंत छोटी झुकती वळणं जोडत न्या. टांगलेल्या दोरीचा आकार म्हणजे पॅराबोला (फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा वक्र) असं गॅलिलिओला वाटत होतं. १६९१ मधे बर्नुली, लायब्निझ आणि हायगेन्स यांनी वेगवेगळं दाखवून दिलं की तो वक्र निराळाच असतो. पण झोका इतका उथळ असला की दोघांतला फरक फ्लेक्सवर दिसत नाही. बिनधास्त हातानं ओढा.

पानांच्या तऱ्हांसाठी: चार-पाच वेगवेगळी पानं काढून एकत्र ग्रुप करा. स्कॅटरमधे ग्रुपमधली पानं एकेक उचलण्याची सोय आहे, क्रमानं किंवा कशीही. 'कशीही' निवडा.

कुपवाडकर:
यात एक अडचण येईल, आधीच सांगतो. स्कॅटर पानाचा मध्य रेघेवर ठेवतं, देठ नव्हे. म्हणजे सुतळी पानाच्या पोटातून जाईल. पण आता पानं फिरलेली नाहीत, सगळी एकाच दिशेला आहेत. त्यामुळं पसरून झाल्यावर सगळा ढीग एकदम सिलेक्ट करून अर्ध्या पानाएवढा खाली ओढा. देठ सुतळीवर. झेंडू वेगळ्या फेरीत पसरवा, त्यांना खाली ओढायचं नाही.

आणि फक्त छापायचंय तर पानं एकमेकांवर चढली तरी चालतं. कापायचं असेल तर नाही. मागच्या दिवाळीत एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचं) तोरण कापलं, पानं एकमेकांवर चढलेली तशीच ठेवून, जोडून एकसंध न करता. लेझरनं इमानदारीत प्रत्येक पानाची कड वेगळी कापली. फळी उचलली तर खाली तोरण नाही, पानांचा चुरा. चूक माझीच, घरात अजून शेकोटीला पुरतंय.

अक्षरवेल्हाळ:
@माळीणबाई, तुम्ही गाठीपाशी दोन पानं घेता ते लिहिलंत म्हणून आज आमच्या दारावरचं तोरण पहिल्यांदा नीट बघितलं. खरंच आहेत.

फ्लेक्सभाऊ:
माझ्या सीडीआरमधे गाठच नाही. 😐

हळदपेठ:
झालं. सात झोके, पाच तऱ्हेची पानं, त्यातलं एक तांबूस. खिळ्यापाशी जोडपानं हातानं बसवली, तेवढं मात्र कुठल्याच टिकेत नाही. नवऱ्याला दाखवलं. काही बोलला नाही, फक्त विचारलं, "झेंडू कुठल्या दुकानातला?" याला मी कौतुक धरते.

फाईल दुकानात दिली. तिथल्या पोरानं उघडल्या उघडल्या विचारलं, "ताई, हे तोरण जरा वेडंवाकडं झालंय, सरळ करून देऊ?" हात जोडले.

मिरजेची_तार:
लागलं का मग? फोटो टाका.

हळदपेठ:
परवा लागलं. काल सकाळी बघायला गेले तर मंडळाच्या पोरांनी हौसेनं आंब्याची खरी पानं आणि झेंडू आणून कमानीच्या कडेनं तोरण बांधलंय. बरोब्बर माझ्या तोरणावर. टोकाला माझी दोन पानं तेवढी दिसतात.

माळीणबाई:
ती पोरं आमच्याकडूनच घेऊन गेली वाटतं. कमान कुठल्या गल्लीतली ते माहीत असतं तर टोकापर्यंत पुरेल एवढं दिलं असतं.

हळदपेठ:
नको हो! ती दोनच उरलीत.